हत्यारांचे घर

घर कितीही नीटनेटके असले, तरी त्याची काही ना काही डागडुजी सदैव निघतच असते. पावसाळ्यात दार फुगते आणि चौकटीत बसेनासे होते. खुर्चीचा पाय डुगडुगू लागतो. कपाटाची बिजागरी एकाच स्क्रूच्या आधाराने लोंबकळू लागते. यांपैकी बहुतेक कामे दहा मिनिटांची असतात. परंतु पुष्कळ घरांत या दहा मिनिटांच्या कामापूर्वी अर्ध्या तासाचे दुसरेच एक काम करावे लागते, आणि ते म्हणजे हत्यारांचा शोध. हातोडी नारळ फोडण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेलेली असते, स्क्रू ड्रायव्हर शिवणयंत्राच्या खणात असतो, पक्कड सायकलीच्या पिशवीत असते, आणि खिळे कोठे आहेत हे तर कोणासच ठाऊक नसते. शेवटी वरवंट्याने खिळा ठोकला जातो आणि सुरीच्या टोकाने स्क्रू पिळला जातो. खिळा वाकतो, सुरीचे टोक मोडते, आणि कधी कधी बोटही कापते.

असे होऊ नये म्हणून हत्यारांना घरात स्वतःचे असे एक घर असावे. ज्यांच्याकडे मोटार ठेवण्याची खोली आहे, त्यांना तेथे भिंतीलगत चांगली जागा मिळते. इतरांना पडवीचा कोपरा, जिन्याखालची जागा किंवा गॅलरीतील एक कपाटही पुरते. जागा किती मोठी आहे, यापेक्षा ती कोरडी आहे की नाही आणि तेथे उजेड पडतो की नाही, हे अधिक महत्त्वाचे आहे.

मुलांनो, घरगुती कामास फार हत्यारे लागत नाहीत. दुकानात गेल्यावर चकचकीत पेट्यांत मांडलेली पन्नास-साठ हत्यारे पाहून मन मोहून जाते. पण त्यांतील निम्मी पुढे वर्षानुवर्षे पेटीबाहेर निघत नाहीत. दहा-बारा चांगली हत्यारे घ्यावीत, तीही कामानुसार एकेक करून घ्यावीत, हेच शहाणपणाचे.

त्यांत पहिला मान मोजण्याच्या साधनांना द्यावयास हवा. कापलेली फळी आखूड पडली, तर ती कोणत्याही उपायाने वाढविता येत नाही. म्हणून जुने कारागीर दोनदा मोजतात आणि एकदा कापतात. मोजण्यासाठी पोलादी फीत असावी. आपल्या देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि शाळेत आपण सेंटिमीटर-मिलिमीटर शिकतो. परंतु सुताराच्या तोंडी अद्यापि फूट, इंच आणि सूत हेच शब्द येतात. प्लायवूडचा तक्ताही ‘आठ बाय चार’ म्हणजे ८ फूट लांब आणि ४ फूट रुंद असाच मागितला जातो. एका इंचाचे आठ सूत होतात. इंच २५.४ मिलिमीटरचा असल्यामुळे एक सूत म्हणजे ३ मिलिमीटरहून किंचित अधिक, हे ध्यानात ठेवल्यास सुताराचे बोलणे तुम्हांस चटकन समजेल.

फितीच्या जोडीला काटकोन पाहण्यासाठी गुण्या, उभी रेषा पाहण्यासाठी ओळंबा आणि आडवी पातळी पाहण्यासाठी पाणसळ ही साधने असतात. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेले एक वजन, यापलीकडे काही नाही. पण पृथ्वीचे आकर्षण त्याला नेमके खाली ओढते, म्हणून त्याची रेषा कधी खोटे बोलत नाही. गुण्या जवळ नसेल तर भूमितीचा उपयोग करावा. कोपऱ्यापासून एका बाजूवर ३० सेंटिमीटरवर आणि दुसऱ्या बाजूवर ४० सेंटिमीटरवर खूण करावी. दोन खुणांमधील अंतर बरोबर ५० सेंटिमीटर भरले, तर तो कोन काटकोन होय. गवंडी घराचा पाया आखताना हीच युक्ती फुटांच्या मापाने करतात. लांब सरळ रेषा हवी असेल, तेव्हा सुतार रंगात बुडविलेली दोरी दोन टोकांना ताणून धरतो आणि मधोमध उचलून सोडतो. लाकडावर तिची जी रेघ उमटते, तिच्याहून सरळ रेघ पट्टीनेही काढता यावयाची नाही. ‘सुतासारखा सरळ’ हा आपल्या भाषेतील वाक्प्रचार या दोरीची आठवण करून देतो.

आता हातोडी. तिचा दांडा बहुधा बाभळीसारख्या चिवट लाकडाचा असतो, कारण ते लाकूड घाव सोसते व सहसा तडकत नाही. नवशिका मुलगा दांडा डोक्याजवळ धरतो, आणि मग घावात जोर नाही अशी तक्रार करतो. दांडा शेवटास धरला म्हणजे हातोडीचे डोके मोठ्या वर्तुळात फिरते, त्याचा वेग वाढतो आणि दांड्याच्या लांबीचा पुरा लाभ मिळतो. खिळा ठोकताना लाकडाच्या रेषा पाहाव्यात. एकाच रेषेवर दोन-तीन खिळे मारले, तर फळी उभी चिरते. खिळ्याचे टोक हातोडीने किंचित बोथट करून घेतले, तर चिरण्याचा धोका कमी होतो. हे ऐकून तुम्हांस नवल वाटेल. परंतु तीक्ष्ण टोक पाचरीप्रमाणे लाकडाचे तंतू दोन्हीकडे फाकवते, तर बोथट टोक ते तंतू तोडून स्वतःपुरती वाट करते. हातोडीचे डोके सैल झाले असेल, तर मात्र ती हाती घेऊ नये. वेगाने सुटलेले डोके कोणाच्या कपाळावर जाईल, याचा नेम नाही. दांड्याच्या टोकात नवी पाचर ठोकून घ्यावी. दांडा पाण्यात भिजविला की तात्पुरता फुगून घट्ट बसतो. पण तो वाळला की डोके पहिल्याहून अधिक हलू लागते.

पाचरीवरून पंचतंत्रातील माकडाची गोष्ट आठवते. सुतारांनी अर्धवट चिरलेल्या ओंडक्यात खैराची पाचर ठोकून ठेवली होती. ते जेवावयास गेल्यावर माकडाने ती उपटली आणि ओंडक्यात सापडून प्राण गमावला. नको त्या उचापती करू नयेत, असे या गोष्टीचे तात्पर्य सांगितले जाते. मला मात्र त्या सुतारांनाही दोन शब्द सुनवावेसे वाटतात. काम अर्धे टाकून, धोक्याची वस्तू उघडी ठेवून ते सगळेच्या सगळे जेवावयास कसे गेले? हत्यारांच्या जागेत लहान भावंडे येणार, हे ज्याच्या ध्यानात नसते, तो त्या सुतारांचाच भाऊ म्हणावयाचा.

पक्कड हे हत्यार म्हणजे दोन तरफा एका खिळीवर जोडलेल्या असतात. खिळीपासून मूठ १२ सेंटिमीटर आणि जबडा ३ सेंटिमीटर दूर असेल, तर तुमच्या हाताचा जोर जबड्यात चौपट होतो. म्हणूनच बोटांना दाद न देणारी तार पकडीने सहज वाकते. विजेचे काम करणाऱ्यांच्या पकडीच्या मुठींवर जाड आवरण असते. त्या आवरणावर विसंबून तुम्ही विजेच्या तारेस कदापि हात लावू नये. आपल्या घरांत २३० व्होल्टची वीज खेळते आणि ती प्राणघातक असते. मुख्य बटण बंद करून विजेचे काम जाणत्या माणसानेच करावे, यात तडजोड नाही.

खिळा लाकडात घर्षणाने टिकून राहतो. स्क्रूची गोष्ट वेगळी. त्याच्या अंगावरील मळसूत्र म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला एक चढच होय. फिरविताना तो हळूहळू आत उतरतो आणि त्याच्या कडा लाकडात रुतून बसतात. त्यामुळे जेथे वारंवार ओढ बसते, म्हणजे दाराची कडी किंवा बिजागरी, तेथे खिळ्याऐवजी स्क्रूच हवा. स्क्रूच्या डोक्यावर एक सरळ खाच असते किंवा अधिक-चिन्हासारखी चौफुली असते. चौफुलीची रीत १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील मोटारींच्या कारखान्यांतून प्रचारात आली. तिच्यात स्क्रू ड्रायव्हरचे टोक आपोआप मध्यावर बसते आणि बाजूस घसरत नाही. दोन्ही प्रकारचे, लहान व मोठे, असे चार स्क्रू ड्रायव्हर घरात असले म्हणजे पुरे. टोक खाचेत अचूक बसले पाहिजे. लहान टोकाने मोठा स्क्रू पिळला, की खाच झिजते, आणि मग तो स्क्रू काढणे भल्याभल्यांना जमत नाही.

कापणाऱ्या हत्यारांत करवत आणि पटाशी ही मुख्य. करवतीच्या दातांकडे नीट निरखून पाहा. एक दात किंचित डावीकडे, पुढचा किंचित उजवीकडे झुकलेला दिसेल. त्यामुळे कापाची वाट पात्याच्या जाडीहून थोडी रुंद होते आणि पाते लाकडात आवळले जात नाही. लोखंड कापण्याची करवत निराळी असते. तिचे पाते बदलता येते व ते बसविताना दातांचा रोख पुढे ठेवावा लागतो. लाकडाच्या करवतीने लोखंड कापू गेल्यास दातही जातात आणि लोखंडही तसेच राहते. कानस, म्हणजे घासून गुळगुळीत करण्याचे हत्यार, पुढे ढकलतानाच कापते. मागे आणताना ती उचलून आणावी. तिची अणकुचीदार शेपटी लाकडी मुठीत बसविल्याशिवाय ती वापरू नये, कारण अडखळली की ती शेपटी सरळ तळहातात शिरते.

पटाशीविषयी एक गोष्ट सांगितली की मुलांना खरी वाटत नाही. धार असलेल्या पटाशीपेक्षा बोथट पटाशीच अधिक घातक असते. धारदार पटाशी हलक्या हाताने चालते, जेथे हवी तेथे थांबते. बोथट पटाशीला आपण अंगातला जोर लावतो. ती लाकडावरून एकाएकी घसरते आणि तो सगळा जोर घेऊन पुढे जाते. पुढे जर आपलाच डावा हात असेल, तर व्हावयाचे ते होते. म्हणून पटाशी निसण्यावर घासून वेळोवेळी धार लावून घ्यावी, लाकूड शेगड्यात किंवा शिकंज्यात पक्के आवळावे, आणि दोन्ही हात धारेच्या मागे ठेवावेत.

हत्यारे झाली, परंतु ती ठेवावयाची कशी? एका मोठ्या खोक्यात सर्व टाकून देणे ही सर्वांत वाईट रीत. खोक्यात हात घातला की हवे ते हत्यार तळाशी असते आणि पटाशीची धार वर असते. शिवाय एकमेकांवर आदळून सर्वांच्याच धारा जातात.

भिंतीवर प्लायवूडचा एक फळा बसवावा. सर्व हत्यारे प्रथम जमिनीवर मांडून, कोणते कोणत्या शेजारी शोभेल ते ठरवावे. रोजची हत्यारे कोपराच्या उंचीवर असावीत. धारेची हत्यारे धाकट्या भावंडांचा हात पोहोचणार नाही इतकी वर. जड वस्तू खाली. मग खिळे ठोकून प्रत्येक हत्यार टांगावे आणि त्याच्याभोवती रंगाने रेघ काढावी. हत्यार काढले की त्याची आकृती फळ्यावर उरते. या रेघेचा गुण असा, की कोणते हत्यार परत आले नाही, ते कोणालाही न विचारता दारातूनच दिसते. विमानांची दुरुस्ती होते तेथेही हत्यारांसाठी अशाच आकृत्यांच्या पेट्या वापरतात. तेथे एखादा लहानसा पाना इंजिनात राहून गेला, तर शेकडो प्रवाशांच्या जिवाशी गाठ असते. म्हणून पेटीतील प्रत्येक खाच भरली आहे याची खात्री करूनच काम पुरे झाले असे मानतात. शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर रुग्णालयात उपकरणे मोजली जातात, तीही याच कारणासाठी.

जपानच्या कारखान्यांनी या व्यवस्थेचे शास्त्रच बनविले आहे. त्याची पाच जपानी शब्दांत पाच पावले आहेत. पहिले पाऊल ‘सेइरी’, म्हणजे नको असलेल्या वस्तू वेगळ्या काढणे. दुसरे ‘सेइतोन’, म्हणजे उरलेल्या वस्तूंना जागा नेमून देणे. क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आपण बहुधा आधी कपाटे घेतो आणि मग त्यांत मोडक्या कुलपांपासून तुटक्या नळांपर्यंत सर्व काही रचून ठेवतो.

ही व्यवस्था केवळ नीटनेटकेपणासाठी नव्हे, हे मी एकदा प्रत्यक्ष पाहिले आहे. आमच्या शेजारच्या घरी दोन वर्षांच्या मुलाने स्वयंपाकघराची कडी आतून लावून घेतली. चुलीवर दूध होते आणि शेगडी पेटलेली होती. घरातील मोठी माणसे दारावर धक्के मारू लागली. मूल आत घाबरून रडू लागले. त्या घरातील सातवीत शिकणारी मुलगी मात्र पडवीतल्या फळ्याकडे धावली आणि चौफुलीचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन आली. दारालगतच्या खिडकीची डासांची जाळी बाहेरून चार स्क्रूंनी बसविलेली होती. तिने ती चौकट काढली आणि गजांतून आपला बारीक हात आत घालून कडी सरकविली. दूध तोवर उतू जाऊन शेगडी विझली होती आणि खोलीत गॅस पसरू लागला होता. वडिलांनी मुलाला बाहेर काढले, गॅसची टाकी बंद केली व खिडक्या उघडल्या. मी तिला विचारले, “बाई, तुला इतक्या लवकर सुचले कसे?” ती म्हणाली, “सुचले सगळ्यांनाच होते, काका. ते कोठे टांगलेले आहे, हे मला माहीत होते.”

खिळे, स्क्रू, नट-बोल्ट अशा बारीक वस्तूंसाठी काचेच्या किंवा पारदर्शक प्लॅस्टिकच्या बरण्या उत्तम, कारण आतील वस्तू बाहेरून दिसते. एक गमतीची युक्ती आहे. बरणीचे झाकण फळीच्या खालच्या बाजूस दोन स्क्रूंनी पक्के करावे आणि बरणी खालून फिरवून त्यात बसवावी. फळीचा वरचा भाग मोकळा राहतो, आणि बरण्या खाली घंटांसारख्या टांगलेल्या राहतात. एकाच लांबीचे खिळे एका बरणीत, हे करण्यास सुटीतील एक दुपार पुरते.

रंग, टर्पेंटाइन, रॉकेल, उंदरांचे औषध यांविषयी मात्र कडक नियम हवा. यांतील कोणताही पदार्थ सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नये. तहानलेले मूल बाटली पाहते, चिठ्ठी वाचत नाही. मूळ डब्यातच, झाकण लावून, कुलपाच्या कपाटात या वस्तू असाव्यात. लाकडाला जवसाचे तेल लावतात, त्या तेलाच्या चिंध्यांचाही असाच धोका आहे. ते तेल वाळते म्हणजे हवेतील प्राणवायूशी त्याचा संयोग होतो, आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात फेकला, तर ती उष्णता आतच कोंडते आणि काडी न ओढता बोळा पेट घेतो. अशा चिंध्या बाहेर मोकळ्या पसरून वाळवाव्यात.

हत्यारांचा कायमचा शत्रू म्हणजे गंज. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज चढतो; कोकणात, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात, तो दुप्पट हौसेने चढतो. म्हणून काम संपताच हत्यार कोरड्या फडक्याने पुसावे. मृगाच्या सरी येण्यापूर्वी यंत्राच्या तेलाचा पुसट हात सर्व पोलादी भागांवरून फिरवावा. तेलाचा पातळ थर पाणी व हवा यांना लोखंडापर्यंत पोहोचू देत नाही. हत्यारांचा फळा बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीवर न लावता आतील भिंतीवर लावला, तर निम्मे काम आधीच झाले.

शेजारी हत्यार मागावयास आले, तर नाही म्हणू नये. फक्त रिकाम्या आकृतीत त्यांच्या नावाची चिठ्ठी अडकवावी. चिठ्ठी पाहून पुढच्या खेपेस ते हत्यार परत घेऊनच येतात, असा अनुभव आहे.

आपल्याकडे आश्विन शुद्ध नवमीस, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमी पाळतात. सुतार आणि लोहार त्या दिवशी आपली हत्यारे घासूनपुसून मांडतात, त्यांना हळदकुंकू व फुले वाहतात. वर्षातून एकदा प्रत्येक हत्यार हाती घेऊन पाहण्याचा हा दिवस आहे. कोणाचा दांडा सैल आहे, कोणती धार गेली आहे, कोणते हत्यार मुळी परतच आलेले नाही, हे त्या दिवशी आपोआप कळते. तुम्हीही आपल्या घरची हत्यारे त्या दिवशी पाटावर मांडा. फळ्यावरील रेघा पुसट झाल्या असतील, तर त्याही तेव्हाच नव्याने काढून घ्याव्यात, कारण तेवढ्या दिवसापुरता फळा पुरता रिकामा असतो.